सुपर रोबॉट वॉर्सच्या चाहत्यांचे मत कसे तोलावे आणि आपले मत कसे लिहावे

'सुपर रोबॉट वॉर्स' या जपानी खेळमालिकेचा पहिला भाग 20 एप्रिल 1991 रोजी गेम बॉय या हातात धरून खेळायच्या खेळयंत्रावर आला. तेव्हापासून प्रत्येक नव्या भागाची घोषणा झाली की चाहत्यांमध्ये आनंद, रुसवा आणि हिशेब यांचा एकच गलबला उठतो. यवतमाळ, वाशीम किंवा बुलडाणा जिल्ह्यातल्या एखाद्या गावी राहणाऱ्या आणि घरचा कापूस विकला गेल्यावर वर्षातून एखादाच पूर्ण किमतीचा गेम घेऊ शकणाऱ्या तरुणाला या गलबल्यातून आपल्या कामाचे तेवढे निवडून घ्यावे लागते, कारण त्याला तो गेम आधी हाताळून पाहण्याचे दुकान जवळपास नसते आणि एकदा गेलेला पैसा पुढच्या हंगामापर्यंत परत येत नाही. हे मार्गदर्शन त्याच्यासाठी आहे. प्रतिक्रिया नेमकी कशाविषयी आहे आणि ती देणारा माणूस कोणत्या भागापासून या मालिकेत आला, हे दोन धागे सुटे केल्याखेरीज तिच्या भरवशावर गेम घेऊ नये आणि सोडूही नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांनी ही मालिका अजून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो. चौकटी आखलेल्या नकाशावर आपली आणि शत्रूची यंत्रे आळीपाळीने चाली करतात, आणि दोघांची गाठ पडली की त्या लढतीचे सजवलेले दृश्य पडद्यावर दिसते. या खेळाचे वेगळेपण असे की त्यातली बहुतेक यंत्रे आणि पात्रे वेगवेगळ्या ॲनिमेंमधून, म्हणजे जपानी चलत्चित्रकथांमधून, घेतलेली असतात. माझिंगर, गेटर रोबो आणि गंडम ही रोबॉट-ॲनिमेंची तीन घराणी पहिल्या भागापासून आहेत. त्या पहिल्या भागात पायलट नव्हतेच, रोबॉट स्वतःच बोलत आणि लढत. पायलट आणि सलग कथा त्याच वर्षी फॅमिकॉम या खेळयंत्रावर आलेल्या दुसऱ्या भागापासून आल्या. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबॉट' पाहिलेली पिढी आज आपल्या घराघरांत वडीलधारी झाली आहे. त्यांना सांगायला हरकत नाही की त्याच मूळ जपानी चित्रकथेवरून पुढे निघालेल्या ॲनिमेला 2000 साली प्लेस्टेशनवर आलेल्या 'अल्फा' या भागात जागा मिळाली होती.

म्हणजे या खेळावर प्रतिक्रिया देणारा माणूस एका वेळी दोन गोष्टींविषयी बोलत असतो. एक म्हणजे समोरचा गेम, आणि दुसरी म्हणजे त्याचे लहानपणापासूनचे आवडते ॲनिमे, ज्याला त्या गेममध्ये मान मिळाला किंवा मिळाला नाही. आपल्याकडे शंकरपटाहून परतणाऱ्या माणसाला धुरकरी कसा होता हे विचारण्याआधी त्याचा जीव कोणत्या जोडीत होता हे विचारावे लागते, तसेच इथेही आहे. आवडती जोडी हरली म्हणून पट वाईट ठरत नाही, पण त्या माणसाचे दुःख खोटेही नसते.

म्हणून कोणतीही प्रतिक्रिया वाचताना ती लिहिणाऱ्याने सुरुवात कुठून केली याचा माग आधी काढावा. बहुतेक चाहते हे स्वतःहून सांगतात, आणि सांगत नसले तरी ते कोणत्या भागांशी तुलना करतात यावरून कळते. विंकीसॉफ्ट या कंपनीने घडवलेले नव्वदच्या दशकातले भाग खेळून आलेल्यांची मोजपट्टी कठीणपणाची असते. 1997 आणि 1998 साली सेगा सॅटर्नवर दोन तुकड्यांत आलेल्या 'एफ' या भागात लढतीची दृश्ये कापून पुढे जाण्याची सोयच नव्हती. प्रत्येक मारा पूर्ण पाहावा लागे, आणि उत्तरार्धात तर चपळ यंत्रांच्या मानाने अवजड सुपर रोबॉट मागे पडत. तिथून आलेला खेळाडू आजच्या भागाला 'फारच सोपा' म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो, पण ती तक्रार नवख्या माणसासाठी नसते. 'अल्फा'पासून आलेल्यांना लढतीच्या दृश्यांची आणि भव्य कथेची ओढ असते, कारण यंत्रांना पडद्यावर जिवंत हालचाल मिळाल्याचा आनंद त्यांनी त्या भागात अनुभवला. गेम बॉय ॲडव्हान्स आणि डीएसवरचे 'आर', 'डी', 'जे', 'डब्ल्यू' हे आटोपशीर भाग खेळलेले लोक कथांची गुंफण आधी पाहतात. आणि 2017 सालच्या 'व्ही'पासून पुढे आलेले चाहते, ज्यांत इंग्रजीतून खेळणाऱ्यांचा भरणा मोठा आहे, ते सोयींना आणि भाषांतराला महत्त्व देतात.

शेवटच्या गटाचे म्हणणे आपल्या वाचकाला सर्वांत जवळचे आहे आणि त्याला कारणही आहे. या मालिकेतल्या प्रत्येक ॲनिमेचा हक्क वेगवेगळ्या मालकांकडे असल्याने जपानबाहेर हे खेळ फार काळ आलेच नाहीत. 2006 साली अमेरिकेत ॲटलसने आणले ते 'ओरिजिनल जनरेशन'चे दोन भाग, आणि त्यांत फक्त या खेळमालिकेची स्वतःची पात्रे असल्याने उसन्या हक्कांचा प्रश्न नव्हता. पुढे 2016 सालच्या 'मून ड्वेलर्स'पासून आशियाई बाजारासाठी इंग्रजी आवृत्त्या निघू लागल्या. 28 ऑक्टोबर 2021 रोजी आलेला '30' हा भाग स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या वाटेने संगणकावर इंग्रजीतून थेट जगभर पोहोचला, आणि 28 ऑगस्ट 2025 रोजी आलेला 'वाय' स्विच, प्लेस्टेशन 5 आणि स्टीम या तिन्हींवर इंग्रजीसह मिळाला. जपानी न येणाऱ्या, मध्यम ताकदीचा लॅपटॉप असलेल्या माणसाने म्हणूनच या दोन भागांविषयीच्या प्रतिक्रियांपासून वाचायला सुरुवात करावी. जुन्या भागांचे गोडवे त्याला पुढे उपयोगी पडतील, आज ते केवळ हळहळ वाढवतील.

आता सर्वांत मोठ्या गलबल्याकडे येऊ. नव्या भागाची घोषणा होते तेव्हा त्यात सहभागी ॲनिमेंची यादी जाहीर होते, आणि प्रतिक्रियांचा पहिला लोंढा केवळ या यादीविषयी असतो. तोपर्यंत खेळ कोणीही खेळलेला नसतो. मार्च 2025 मध्ये 'वाय'ची घोषणा झाली तेव्हा आमच्या गावात देवळाच्या ओट्यावर चार पोरे एका मोबाइलवर ते ट्रेलर पाहत बसली होती. त्यातला एक, गंडमच्या 'विच फ्रॉम मर्क्युरी' या ॲनिमेचा चाहता, उसळून म्हणाला, "दादा, विच फ्रॉम मर्क्युरी हाये याच्यात. आता त घेतोच मी." त्याच्याहून मोठ्या पोराने मोबाइल हातात घेतला, ट्रेलर थोडे मागे नेले आणि म्हणाला, "घे नं बाबू. पण आधी तिची कथा चालोतेत का नुसतंच रोबॉट उभं करतेत, ते त पाह्य." या मालिकेच्या चाहत्यांमधला सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत खरा प्रश्न त्या पोराने विचारला होता.

कारण यादीत नाव असणे म्हणजे कथेत स्थान असणे नव्हे. काही ॲनिमेंची पूर्ण कथा खेळात नव्याने घडते, काहींची कथा आधीच संपलेली आहे असे गृहीत धरून त्यातली पात्रे केवळ मदतीला येतात, आणि काहींचे तर यंत्र तेवढे उभे राहते, पायलट पहिल्या भेटीनंतर क्वचितच तोंड उघडतो. जपानी चाहत्यांनी या शेवटच्या प्रकाराला 'फक्त हजेरीपुरता सहभाग' अशा अर्थाचे खास नाव दिले आहे आणि ते कौतुकाने घेतले जात नाही. आपल्या आवडत्या ॲनिमेचे नाव यादीत दिसले की अधिकृत संकेतस्थळावरचे त्याचे वर्णन शोधावे, त्यात शत्रूपक्षाची पात्रे दिली आहेत का ते पाहावे. शत्रू असेल तर कथा चालण्याची शक्यता बरीच असते. एकटा नायक आणि त्याचे यंत्र एवढेच दिसत असेल तर अपेक्षा आवरती ठेवावी. यादीवरचा जल्लोष वाचून पैसे मोजण्यापेक्षा ही पाच मिनिटांची तपासणी कितीतरी मोलाची आहे.

यादीविषयीच दुसरा वाद दर वेळी पेटतो, तो म्हणजे 'हे रोबॉट आहे का?' 'व्ही'मध्ये अंतराळातली युद्धनौका यामाटो आली, 2019 सालच्या 'टी'मध्ये 'काउबॉय बीबॉप' आला ज्यात लढाऊ यान आहे पण रोबॉट नाही, आणि 'वाय'मध्ये तर गॉडझिलाच्या एका ॲनिमेचा समावेश झाला. जुन्या चाहत्यांचा एक गट यावर दर वेळी नाराज होतो. मला ही नाराजी समजते, पण ती मान्य नाही. 'व्ही'मध्ये यामाटो केवळ शोभेची नौका नसून कथेचा कणा झाली. पाहुण्याचे रूप पाहण्यापेक्षा त्याला काय काम दिले आहे ते पाहावे, आणि प्रतिक्रियेत त्या कामाविषयी काही नसेल तर ती प्रतिक्रिया यादी पाहूनच लिहिलेली आहे असे समजावे.

कथेविषयीच्या प्रतिक्रिया खेळ आल्यावर काही आठवड्यांनी येतात, आणि त्या सर्वांत मौल्यवान असतात, कारण या मालिकेची खरी ताकद तिथे आहे. मूळ ॲनिमेत जे घडले नाही ते इथे घडू शकते: मेलेला वाचतो, चुकलेला सावरतो, दोन वेगळ्या जगांतली दुखणी एकमेकांना ओळखतात. 'गंडम सीड डेस्टिनी'चा नायक शिन आसुका याला मूळ ॲनिमेच्या उत्तरार्धात बाजूला सारले गेल्याची खंत अनेकांच्या मनात होती. 2008 सालच्या 'झेड'ने आणि पुढच्या काही भागांनी त्याला समजून घेणारे सोबती दिले, आणि आजही त्या भागांविषयी बोलताना चाहते शिनचे नाव मायेने घेतात. 2004 सालच्या 'एमएक्स'मध्ये इव्हँजेलियन आणि राह्झेफॉन या दोन कथा अशा विणल्या आहेत की त्या मुळातच एकत्र लिहिल्या होत्या असे वाटावे, ही प्रशंसा तुम्हाला वारंवार वाचायला मिळेल आणि ती रास्त आहे. उलट 2009 सालच्या 'के'चा नायक मिस्ट रेक्स इतका नावडता ठरला की त्या भागाचा विषय निघाला की आधी त्याचेच नाव निघते. अशा प्रतिक्रिया वाचताना तिच्यात प्रसंग आहे का ते पाहावे. 'कथा भारी आहे' किंवा 'कथा पोकळ आहे' या वाक्यांतून काहीच कळत नाही. 'अमुक पात्राने तमुक पात्राला कोणत्या वळणावर थांबवले' असे सांगणारा माणूस खेळ खेळलेला असतो. त्यात रहस्यभेद होण्याचा धोका आहे हे खरे, म्हणून आपल्या सर्वांत आवडत्या ॲनिमेविषयीचा मजकूर सोडून बाकीच्यांविषयी वाचावे. लेखकांनी इतरांच्या कथा जपल्या असतील तर तुमचीही जपली असण्याची शक्यता मोठी असते.

लढतीच्या दृश्यांविषयी लोक सर्वांत जास्त बोलतात, आणि त्यांची पारख स्वतः करणे सोपे आहे, त्यामुळे इथे दुसऱ्याच्या मतावर अवलंबून राहण्याचे कारण नाही. रात्री नेटवर्क बरे असते तेव्हा एकच ट्रेलर चांगल्या दर्जात उतरवून घ्यावे आणि आवाज चालू ठेवून पाहावे. यंत्र जागेवरून हलताना त्याचे वजन जाणवते का, मारा सुरू होताना पायलटचा चेहरा झळकतो तेव्हा त्याचे केस आणि डोळे हलतात की चित्र स्थिर आहे, आणि शेवटचा घाव बसल्यावर कॅमेरा कुठे थांबतो, या तीन जागा पाहिल्या की बरेच कळते. 'व्ही'पासून पुढच्या भागांत अनेक यंत्रांची दृश्ये एका भागातून दुसऱ्या भागात जशीच्या तशी आली, आणि '30' तसेच 'वाय' यांच्याविषयीच्या तक्रारींत हा मुद्दा अग्रभागी आहे. ज्याने मधले सगळे भाग खेळले आहेत त्याला तेच दृश्य पुन्हा पाहून कंटाळा येणारच. ज्याचा हा पहिलाच भाग आहे त्याच्यासाठी प्रत्येक दृश्य नवे आहे. ही तक्रार खरी असूनही तुमची नाही, हे लक्षात ठेवावे.

संगीताविषयीच्या प्रतिक्रियांत काही गोष्टी बाहेरच्याला कळत नाहीत. प्रत्येक पायलटची स्वतःची धून असते आणि तो लढतीत उतरला की ती वाजते. 'ओरिजिनल जनरेशन'मधल्या एल्झाम ब्रान्स्टाइनची 'ट्रोम्बे!' ही धून तर समोरच्या कोणाचीही धून दाबून टाकते, आणि चाहते एखाद्या भलत्याच विषयात मध्येच 'ट्रोम्बे!' असे लिहून मोकळे होतात, ते यामुळेच. शीर्षकगीतांसाठी जॅम प्रोजेक्ट या गायकवृंदाची वाट पाहिली जाते. मात्र एक व्यावहारिक बाब ध्यानात घ्यावी: अलीकडच्या अनेक भागांत नेहमीच्या आवृत्तीत ॲनिमेच्या गाण्यांच्या फक्त वाद्यधुना असतात, आणि मूळ गायलेली गाणी हवी असतील तर अधिक किमतीची आवृत्ती किंवा वेगळी जोडणी घ्यावी लागते. संगीताची स्तुती वाचली की लिहिणाऱ्याकडे कोणती आवृत्ती होती ते शोधावे.

कठीणपणाचा मुद्दा थोडा आकड्यांनी समजून घ्यावा लागतो. समजा, शत्रूचा मारा आपल्या गंडमला लागण्याची शक्यता पडद्यावर 30 टक्के दिसते आहे आणि गंडमची उरलेली ताकद एका माऱ्यापुरतीच आहे. नवखा खेळाडू दैवावर हवाला ठेवून पुढे जातो. जाणता खेळाडू त्या पायलटची 'अलर्ट' ही आज्ञा वापरतो, आणि पुढचा एक मारा हमखास चुकतो. तसेच 'स्ट्राइक' वापरली की त्या फेरीत आपला नेम चुकत नाही आणि 'व्हॅलर' वापरली की पुढच्या माऱ्याचे नुकसान दुप्पट होते. पायलटचे मनोबल 100 पासून सुरू होते आणि लढता लढता वाढते, आणि मोठी अस्त्रे ठराविक मनोबल गाठल्याशिवाय हाती येत नाहीत. या आज्ञांसाठी लागणारे गुण पूर्वी मोजूनमापून मिळत, अलीकडच्या भागांत ते सढळ हाताने मिळतात, म्हणून जुन्यांना सारे सोपे वाटते. ज्याने हा प्रकार आजवर खेळलेला नाही त्याच्यासाठी ही सढळता वरदान आहे. अडचणीची पातळी वाढवण्याची सोय असतेच, ती दुसऱ्या खेपेला वापरावी. '30'मध्ये मोहिमांचा क्रम खेळाडूने ठरवायचा असल्याने कथेची घडी सैल झाली ही तक्रार मात्र मला पटते, आणि सलग कथा हवी असणाऱ्याने ती गांभीर्याने घ्यावी.

मोहिमा लांबलचक असल्याची कुरकुर वाचून घाबरू नये. हा आळीपाळीचा खेळ आहे, मोहिमेच्या मध्येच नोंद करून ठेवता येते आणि लढतीची दृश्ये कापताही येतात. ज्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे दर फेरीच्या शेवटी सेव्ह करण्याची सवय लावून घेतली की हा खेळ धावपळीच्या कोणत्याही खेळापेक्षा जास्त सोयीचा ठरतो. मे महिन्यात दुपारी लॅपटॉप तापून बंद पडतो, तेव्हाही गमावतो तो फक्त शेवटचा डाव.

मोबाइलवरच्या भागांची, उदाहरणार्थ 2019 साली जपानमध्ये सुरू झालेल्या 'डीडी'ची, चर्चा वेगळी ठेवावी. तिथला बहुतेक राग नशिबावर पैसे लावून यंत्रे मिळवण्याच्या पद्धतीवर असतो आणि तो या मुख्य खेळांना लागू होत नाही.

आता आपली प्रतिक्रिया लिहिण्याविषयी. मराठीत या मालिकेवर फारच थोडे लिहिले गेले आहे, त्यामुळे तुमचे लिखाण पुढे येणाऱ्या कोणाच्या तरी हाती पहिलेच पडण्याची शक्यता आहे, आणि म्हणून ते जबाबदारीने लिहावे. पहिल्या दोन-तीन वाक्यांतच सांगावे की तुम्ही कोणता भाग कोणत्या खेळयंत्रावर किंवा संगणकावर, कोणत्या भाषेत आणि अडचणीच्या कोणत्या पातळीवर खेळलात, तो पूर्ण केला की अर्ध्यावर आहात, आणि यादीतल्या कोणत्या ॲनिमे तुम्ही आधी पाहिल्या होत्या. ज्या पाहिलेल्या नाहीत त्यांच्या कथेविषयी लिहिताना तसे स्पष्ट म्हणावे. न पाहिलेली कथा खेळातून कळली आणि आवडली, ही माहिती वाचकाला मोठ्या उपयोगाची असते, कारण बहुतेक मराठी वाचक त्याच ठिकाणी उभा असतो. पात्रांची नावे देवनागरीत लिहावीत आणि एकदा लिहिली तशीच शेवटपर्यंत ठेवावीत.

यादीवरची प्रतिक्रिया आणि खेळल्यानंतरची प्रतिक्रिया एकत्र कालवू नये. घोषणेच्या दिवशीचा आनंद जरूर लिहावा, तो खरा असतो आणि चाहतेपणाचा मोठा भाग त्यातच आहे, पण त्यावर 'घ्यावा' किंवा 'घेऊ नये' असा निकाल लिहू नये. नापसंती लिहिताना प्रसंग द्यावा, आणि आवडले त्याचाही प्रसंग द्यावा. रहस्यभेद होत असेल तर त्याआधी स्वतंत्र ओळीत तशी सूचना लिहावी. प्रमाण मराठीच हवी असे नाही. आपण जसे बोलतो तशा वऱ्हाडीत लिहिलेली प्रतिक्रिया आपल्या भागातल्या पोराला लवकर भिडते, मात्र आज्ञांची आणि अस्त्रांची नावे खेळात दिसतात तशीच ठेवावीत, नाहीतर वाचणारा पडद्यावर भलतेच शोधत बसतो.

आपल्याच गटातल्या दुसऱ्या चाहत्याचे ॲनिमे कमी लेखून आपले मोठे करू नये. ही मालिका उभीच आहे ती माझिंगरवाला, गेटरवाला आणि गंडमवाला एका नकाशावर येतात म्हणून. आणि दुसऱ्यांदा खेळताना किंवा मूळ ॲनिमे नंतर पाहिल्यावर मत बदलले, जे या मालिकेत नेहमी घडते, तर आधीचे लिखाण पुसू नये. त्याच्याच खाली तारीख घालून नवे मत लिहावे, मधल्या काळात काय पाहिले आणि किती मोहिमा पुढे गेलात तेही नोंदवावे.